दाक्षायणीबाईंचं व्यसन

सोलापुरातल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात दाक्षायणीबाईंनी एकोणीस वर्षं समुपदेशन केलं. किती बाटल्या सुटल्या, किती संसार परत मांडले गेले, गणतीच नाही. आधीचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्या खुर्चीत बाईच बसणार, हे केंद्रातलं मांजरसुद्धा धरून चाललं होतं. पण अर्जाचा नववा रकाना आडवा आला: ‘स्वतःचे सुटलेले व्यसन’.

संस्थापक स्वतः दारूतून उठलेले. बुडून वर आल्याशिवाय दुसऱ्याला काढता येत नाही, असं त्यांनी नियमातच लिहून ठेवलं होतं. प्रमुख व्हायचं तर आधी व्यसनी असायला हवं.

“बाई, एखादं बारकंसं तरी?” विश्वस्त अण्णाराव अजिजीनं म्हणाले. “मिश्री?”

“नाही हो.”

“चहा?”

“चातुर्मासात सोडते.”

“मनात आलं की सुटतो, म्हणजे तो बादच की!”

प्रमुखाच्या सहीशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही, हाही नियमच. आणि मैंदर्गीच्या कुंडलिकला आज तीनची एसटी धरायची होती. उद्या त्याच्या वैष्णवीचं लग्न. नव्वद दिवस थेंब घेतला नव्हता त्यानं; पण बाप मांडवात दिसला नाही, तर पाहुणे म्हणणारच, पडला असेल कुठंतरी.

“आमी लावतो की बाईंना येखादं,” कुंडलिक म्हणाला. “तीनपत्तूर तंबाखू लागंल?”

“छे! आम्हाला वर्षं लागली,” बाकीचे म्हणाले.

मग सगळे रुग्ण गोल करून बसले. मधोमध बाई. एकोणीस वर्षं त्या जे प्रश्न विचारत आल्या, तेच आता कुंडलिक त्यांना विचारू लागला.

“काय केल्याबिगर राहवत न्हाय?”

“उपास,” बाई हळूच म्हणाल्या. “सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय चतुर्थी, एकादशी.”

“कवापासनं?”

“चौथीत होते. मैत्रिणीनं धरायला लावला.”

“समद्यांची सुरवात दोस्तीतच हुती. मग वाढलं?”

“वाढतच गेलं.”

“सोडा म्हणलं कुणी?”

“यांनी. डॉक्टरांनीसुद्धा.”

“चोरून केलं?”

बाईंनी मान खाली घातली. टायफॉइडात सासूबाईंनी दिलेली पेज त्यांनी खिडकीबाहेर ओतली होती. ते आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या, आज बोलल्या. कुणी हसलं नाही.

“तुमी तर आमच्यातल्याच की वो, बाई!” कुंडलिक म्हणाला.

अण्णारावांनी रकान्यात ‘उपास’ लिहिलं आणि चष्म्यावरून पाहिलं. “पण ‘सुटलेले’ पाहिजे, बाई.”

दीड वाजला होता. आणि वार गुरुवार. बेचाळीस वर्षांत एकही मोडला नव्हता. बाईंनी भिंतीवरच्या दत्तमहाराजांकडं पाहिलं. कुंडलिक दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता; पिशवीतून नव्या टोपीची कड डोकावत होती.

“ताट वाढा,” बाई म्हणाल्या.

भाकरी आली, शेंगाची चटणी आली. बाईंनी हात जोडले, डोळे मिटून पहिला घास घेतला. सगळं केंद्र श्वास रोखून बघत होतं.

“समदी खावा,” कुंडलिकनं दरडावलं. “अर्धी टाकणाऱ्यांचं परत सुरू हुतंय.”

भाकरी संपली. अण्णारावांनी शिक्का मारला. नव्या प्रमुखांनी पहिला कागद पुढं ओढला, कुंडलिकचाच. पण पेन काही कागदावर टेकेना.

कुंडलिकनं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. “पयल्या दिवशी हात कापतोयच, बाई,” तो म्हणाला. “करा सही. निवांत.”