वासकर काकांचं नाक आणि मी

मी बोलतोय. इकडे, यार्डाच्या मागच्या भिंतीपाशी, फुटक्या पाइपांच्या आणि झिजलेल्या टायरांच्या मध्ये. दोन चाकांवर आडवा पडलेला, पाण्याच्या टाकीएवढ्या पोटाचा, काळाकुट्ट लोखंडी ड्रम. रस्त्याचं काम चालू असताना तुम्ही मला नक्की पाहिलं असेल आणि नाकाला रुमाल लावून पुढेही गेला असाल. त्याचा मला राग नाही. जवळ उभं राहावं असं माझं रूप कधीच नव्हतं. पण आज थोडं थांबा. बुधवारी मला कापायला येणार आहेत, आणि माझ्याबद्दल कागदावर जे लिहिलंय ते खोटं आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दोघे भाऊ मिळून मला घडवत होते. थोरला वेल्डिंग मारायचा आणि धाकटा हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. आवाज पसंत पडला नाही की दोघांची जुंपायची, आणि मधल्या मध्ये मार मी खायचो. त्यांनी माझ्या पोटात फिरती पाती बसवली, खाली बर्नर बसवला आणि कुशीत तापमान दाखवणारा एक काटा. धाकट्यानं काट्याची काच पुसली आणि म्हणाला, "याला जपायला सांग हं त्यांना. बाकी सगळं लोखंड आहे, हा एवढाच नाजूक." थोरल्यानं मान डोलावली. सांगितलं की नाही, देव जाणे.

माझं काम साधं आहे. रस्ता खणला की डांबराच्या खपल्या निघतात. पूर्वी त्या ट्रकमध्ये भरून कुठंतरी लांब ओतून देत. खरं तर त्या टाकाऊ नसतात, त्यांतलं डांबर उन्हानं आणि वयानं सुकलेलं असतं, इतकंच. त्या खपल्या माझ्या वरच्या तोंडात टाकायच्या, मला फिरवत ठेवायचं, खालून आच द्यायची, डबाभर तेल ओतायचं. तासाभरात खालच्या तोंडातून मऊ, काळा, वाफाळता माल बाहेर पडतो. जुन्या रस्त्याचाच नवा रस्ता. या कामाचा मला गर्व होता, आणि तो मी लपवणार नाही.

फक्त आच जपावी लागते. कमी पडली तर ढेकळं तशीच राहतात. जास्त झाली तर डांबर जळतं. जळलेल्या मालाची खोड अशी की तो दिसायला चांगल्या मालाचा जुळा भाऊ. तोही काळाच, रोलर फिरवला की तोही सपाट बसतो. पण खडीला धरून ठेवायची ताकद त्याच्यात उरलेली नसते. आठ-दहा दिवसांत खडी सुटायला लागते, आणि सुटी खडी म्हणजे दुचाकीवाल्याचा काळ.

मला चालवायला जो माणूस मिळाला त्याचं मस्टरवरचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळे त्याला वासकर म्हणायचे. कारण त्याचं नाक. माझ्या खालच्या तोंडाशी वाकून तो एक लांब श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून पाच मिनिटं," किंवा, "झालं, काढा." कधी चुकला नाही. बरोबर शिजलेल्या मालाला एक कोवळा, तेलकट वास असतो. जळला की तोच वास उग्र होतो, नाकात टोचतो. हा फरक वासकर काका रस्त्याच्या पलीकडे चहा पितानाही ओळखायचे आणि कप तसाच ठेवून आच कमी करायला धावायचे.

आता माझ्या काट्याचं ऐका. दुसऱ्याच वर्षी त्याच्या टोकावर डांबर बसलं आणि तो एकशे साठवर अडकून पडला. काकांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे इंजिनियर. साहेब हसले. "काका, तुमचं नाक असताना काटा कशाला हवा?" काकांनाही ते गोड लागलं. तेव्हापासून रोजच्या तक्त्यात तापमानाच्या रकान्यात एकशे साठ लिहायचं आणि खाली साहेबांनी सही करायची. नऊ वर्षं एकशे साठ! थंडीत एकशे साठ, उन्हात एकशे साठ, मी दुरुस्तीला गेलो होतो त्या दिवशीसुद्धा एकशे साठ. कुणाला वावगं वाटलं नाही.

मग काकांना ताप आला. तीन आठवडे ते आले नाहीत. परत आले तेव्हा वाळले होते, पण खुशीत होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय रे काळ्या, कुणी जाळलं तर नाही ना तुला?" माल शिजला. ते वाकले, श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तोंडाशी इतके जवळ गेले की भुवया होरपळतील असं मला वाटलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं त्यांच्या तोंडाजवळ काढली होती, पण असा घाबरलेला चेहरा कधी पाहिला नव्हता.

"झालं, काढा," ते म्हणाले. माल कच्चा होता.

नंतर महिनाभर ते अंदाजानं चालले. दुपारी माझ्या गरम झाकणावर डबा ठेवायची त्यांची सवय होती. एकदा गप्पांत डबा खालून जळला. करपल्याचा वास साऱ्या गँगला आला, आणि काका मात्र काळी पडलेली भाजी मुकाट्यानं खात बसले. त्यांच्या लेकीनं ते पाहिलं. लेक आमच्यातच होती, रोलर चालवायची. माझा माल पसरला की तीच तो दाबायची. ती रोलरवरून उतरली, बापाच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, भाजी कशी झालीय?"

"छान झालीय की."

"बाबा."

काकांनी घास खाली ठेवला. "कुणाला बोलू नकोस. चौदा महिने राहिलेत माझे. नाक गेलं म्हटल्यावर मला कोण ठेवणार इथं? गेटावर बसवतील, आल्या-गेल्याला सलाम ठोकायला."

 मग दोघांनी एक तोड काढली. वास आता तिनं घ्यायचा. माल झाला की तिनं रोलरचा भोंगा एकदा वाजवायचा, जळतोय असं वाटलं की दोनदा. काका तोंडाशी वाकायचे, डोळे मिटायचे, पूर्वीसारखाच लांब श्वास घ्यायचे, आणि कान मात्र मागे रोलरकडे. गँगमधले लोक म्हणायचे, "हिला भारीच घाई, सारखी भोंगा वाजवते." बापाच्या अब्रूसाठी तिनं तेही ऐकून घेतलं. मला मनातून पटत नव्हतं, पण खरं सांगतो, त्या काळात माझा एकही माल बिघडला नाही.

मग एके सकाळी रोलर दुसरीकडे हवा म्हणून लेकीला तिकडे पाठवलं. आमच्याकडे बदली रोलर आला, बदली माणूस आला. काम होतं दवाखान्याच्या उतारावर. खपल्यांचा ढीग पाण्याच्या टँकरखाली भिजलेला. ओल्या खपल्यांची पांढरी वाफ इतकी निघत होती की तिच्यात जळल्याचा निळा धूर दिसेना. काकांनी तीनदा वास घेतला. तिन्ही वेळा त्यांनी सवयीनं मागं वळून पाहिलं, आणि मागं बदली माणूस तंबाखू मळत होता.

माझ्या पोटात डांबर जळत होतं. ते मला कळत होतं, दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. बाकीचे सगळे काम उरकायच्या घाईत, त्यातून काकांनी वास घेतल्यावर दुसऱ्यानं नाक खुपसायचं नाही असा आमच्यातला रिवाज. एक बाई खोकली आणि पदर तोंडाला लावून बाजूला झाली, एवढंच.

"झालं," काका म्हणाले. "काढा."

दहाव्या दिवशी त्या उतारावर एक नर्सबाई स्कूटरवरून घसरल्या. कामावर निघाल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं.

चौकशीला साहेब आणि वरचे दोघे यार्डात आले. त्यांनी तक्ता पाहिला. एकशे साठ. सही. मग माझ्याभोवती एक फेरी मारली. एकानं मला बुटानं ठोकलं.

"किती वर्षांचा आहे हा?"

"अकरा, सर," साहेब म्हणाले. "आतून गंजलाय. आच एकसारखी लागत नाही. काय काका?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. "हो साहेब," ते म्हणाले. "यंत्रच खराब झालंय."

मला तोंडं दोन आहेत, पण बोलायला एकही उपयोगाचं नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. गंज? कुठे आहे गंज? अकरा वर्षं या माणसाचा डबा मी गरम ठेवला. त्याच्या थंडी-तापात त्याला पाठ टेकायला दिली. आणि त्यानं एका 'हो'मध्ये मला निकालात काढलं. मला संताप आला. पुढे कित्येक दिवस या भिंतीपाशी पडून मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

गेल्या आठवड्यात नवा ड्रम आला. पिवळाधमक, माझ्यापेक्षा दुप्पट. त्याच्या कुशीत चकचकीत काटा. साहेबांनी सगळ्यांसमोर चावी काकांच्या हातात दिली. "काट्याचं काही खरं नाही, तो काय, डांबर बसलं की बंद. आपला भरवसा काकांच्या नाकावर." टाळ्या पडल्या.

लेक एव्हाना आमच्याकडे परत आली होती, तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पांगल्यावर तिनं बापाला इकडे भिंतीपाशी आणलं.

"बाबा, चावी परत द्या."

"आठच महिने राहिलेत गं आता. तू आहेस ना भोंगा वाजवायला."

"त्या दिवशी मी नव्हते. त्या बाई काठी घेऊन चालतात. मी पाहून आलेय. पायरी चढताना दोन्ही पाय एका पायरीवर घेतात, मग पुढची. तुम्ही सांगता की मी सांगू?"

काका तसेच ऑफिसात गेले. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, ड्रम चांगला होता. माझं नाक गेलंय. सात महिने झाले."

आत पंखा फिरत होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "फाइल बंद झालीय. तक्त्यावर माझी सही आहे, कळतंय ना? तुम्ही थकलाय. घरी जा, झोप काढा. नाक कुणाचं असं जात नाही."

काका बाहेर आले. घरी गेले नाहीत. सरळ माझ्याकडे आले. टाकीत डिझेल ओतलं, खपल्या टाकल्या, बर्नर पेटवला. चार महिन्यांनी माझ्या अंगात ऊब आली आणि मी फिरायला लागलो. आवाजानं सगळी गँग जमली. साहेबही दारात आले.

काकांनी आच वाढवली. आणखी वाढवली. काय चाललंय ते मला उशिरा कळलं. माल शिजला, मग जळायला लागला. निळा धूर माझ्या खालच्या तोंडातून लोटांनी बाहेर पडू लागला. लोक खोकत मागं सरले, कुणी डोळे चोळले, साहेबांनी रुमाल काढला. आणि काका माझ्या तोंडाशी वाकले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं. धुरानं वाहत होतं की कशानं, ते मी सांगू शकत नाही. मी तापत होतो, फिरत होतो, तो धूर त्यांच्या तोंडावर सोडत होतो, आणि मला थांबता येत नव्हतं. माझा सगळा राग तिथंच विझला.

"झालं का हो?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं. "सांगा कुणीतरी. मला खरंच कळत नाही."

लेकीनं धावत येऊन बर्नर बंद केला आणि बापाला मागं ओढलं.  साहेब रुमाल हातात धरून उभे होते. मग ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

फाइल पुन्हा उघडली आहे म्हणतात. साहेब सध्या यार्डात दिसत नाहीत. काकांना कामावरून थांबवलंय. नव्या ड्रमाचा काटा रोज सकाळी घासून पुसायचा असा कागद ऑफिसच्या दारावर चिकटवलाय, आणि तो पुसलाही जातो. मला कापायचा हुकूम मात्र आधीच निघाला होता आणि निघालेला हुकूम मागं घ्यायला कुणाला सवड नाही. असो. लोखंड आहे, कुठंतरी वितळेन, कशात तरी लागेन. माझी काळजी नको.

काका परवा येऊन गेले. आधी त्या नर्सबाईंकडे गेले होते, सगळं सांगायला. त्या चिडतील, हाकलून देतील, अशी तयारी करून गेले होते. माझ्या चाकाला पाठ टेकून बसले आणि त्यांनी लेकीला काय ते सांगितलं, म्हणून मला कळलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तापानंतर वास गेला, तर दवाखान्यात का नाही आलात, काका? रोज असे लोक येतात आमच्याकडे. कुणाकुणाचा परतही येतो. मी तिथंच होते की."

काकांनी हे सांगितलं आणि डोकं गुडघ्यांवर टेकलं. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वाचकहो, बुधवारनंतर मी नसेन, म्हणून एवढं मागून ठेवतो. तुमच्या हाताखाली कुणी माणूस नावाजलेला असेल, ज्याच्या नाकावर, हातावर, डोळ्यांवर तुम्ही सगळं सोपवून मोकळे झाला असाल, तर अधूनमधून त्याला विचारा की बाबा रे, बरं आहे ना सगळं? आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्या क्षणी त्याच्या हातातली चावी काढून घेऊन त्याला गेटावर बसवू नका. आधी त्याला दवाखान्यात न्या. काका तापातून उठून पहिल्या दिवशी माझ्या तोंडाशी वाकले होते, तेव्हा एवढं कुणी म्हटलं असतं, तर त्या बाई आज दोन पायांनी पायऱ्या चढत असत्या.