हिरव्या फरश्यांची शेकोटी

"आता हिला हात लावायचा नाही," म्हणत गॅसचं काम करणाऱ्या टेरीने थेल्माच्या गॅसच्या शेकोटीवर लाल पट्टी चिकटवली. 'धोका. वापरू नये' असं त्यावर ठळक छापलेलं होतं. "मावशी, जळलेला वायू धुराड्यातून वर जायच्या ऐवजी खोलीत परत येतोय. एखाद्या दिवशी खुर्चीत डोळा लागला असता आणि उघडलाच नसता."

"तीस वर्षं उघडतोय," थेल्मा म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय. तिचं वय झालंय. हिचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत."

"वय माझंही झालंय. माझ्यावर चिकटव एक पट्टी."

टेरी हसला. थेल्माचा मुलगा स्टुअर्ट मात्र हसला नाही. आई, आता गॅसचा नादच सोड, विजेची घे, असं म्हणत म्हणत तो त्याच्या आवडत्या विषयावर आला: हे घर विकायचं आणि त्याच्या घराजवळच्या नव्या इमारतीत, भिंतीला हीटर लावलेल्या फ्लॅटमध्ये आईने राहायला जायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय लहानपणापासूनची. आज शेकोटी निघाली की उद्या घर निघणार, हे थेल्मालाही कळत होतं आणि मलाही.

मी डॉट. शेजारच्या दारात राहते. ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे कापायच्या शेडमध्ये थेल्मा आणि मी एकाच ओट्यावर समोरासमोर उभ्या राहिलो, लग्नाआधीपासून ते पेन्शनीपर्यंत. पायात गमबूट, हातात सुरी आणि मनगटापर्यंत बर्फाचं पाणी. घरी आलं की बोटं आधी पांढरी असायची. शेकोटीपुढे धरली की लाल व्हायची आणि मग अशा कळा मारायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं. त्या कळा संपल्या की माणूस पुन्हा माणसात यायचा. ज्याने हे सोसलं नाही त्याने आम्हाला शेकोट्यांबद्दल शहाणपणा शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ही शेकोटी क्लिफने आणलेली. क्लिफ म्हणजे थेल्माचा नवरा. मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. तीन आठवडे समुद्रात, तीन दिवस घरी, असा त्यांचा संसार. अशाच एका तीन दिवसांत त्याने कोळशाची जुनी शेकोटी काढून ही गॅसची बसवली, तान्ह्या स्टुअर्टला तिच्यापुढे शेकवलं आणि पहाटेच्या भरतीला निघून गेला. आइसलंडच्या उत्तरेला त्याच्या बोटीवर बर्फ चढलं आणि ती उलटली. एकही माणूस परत आला नाही.

आमच्याकडे अशा वेळी समुद्राला कोणी बोल लावत नाही. घरातल्या बाईला लावतात. नवरा निघतो त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नसतात. धुतले तर तोही धुऊन जातो. क्लिफ बोटीवर चढला तेव्हा त्याच्या अंगात त्याचा निळा लोकरी स्वेटर नव्हता. गोदीवरच्या कोणीतरी विचारलं, "स्वेटर कुठाय रे?" तो नुसता हसला म्हणे. झालं! सासूने आणि नणंदेने, आयव्हीने, निकाल देऊन टाकला: स्वेटर टबात भिजत पडला होता, हिनेच धुतला. थेल्मा सांगून सांगून थकली, की मी आदल्या संध्याकाळी शेडमध्ये होते, कशालाही हात लावला नाही. "मग दाखव की कुठाय तो," आयव्ही म्हणाली. थेल्माला दाखवता आला नाही. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत ती 'धुणारी' झाली.

नवी शेकोटी घ्यायला दुकानात स्टुअर्टच्या गाडीतून गेलो. विकणाऱ्या पोराने आधी विजेची दाखवली. काचेमागे ज्वाळा नाचत होत्या. थेल्माने हात पुढे धरला.

"ही तर चित्रातली आग. चित्रातला मासा खातोस का तू, बाळा?"

"यात गरम हवेचं बटण वेगळं असतं, मॅडम."

"केस वाळवायचं यंत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि पुढे गेली.

कोपऱ्यात गॅसची एक होती. कोळशांसारख्या ढेकळांवर खरी, उघडी ज्योत. दोन्ही बाजूंना चकचकीत फरश्या बसवलेल्या, गर्द हिरव्या. थेल्मा तिच्यापुढे थांबली ती हलेचना. मी तिला चिमटा काढला.

"हिरवी? डोकं फिरलं का तुझं?"

आमच्या दर्यावर्दी घरांत हिरवा रंग म्हणजे अपशकुन; हिरवा रुमालसुद्धा आणत नाहीत. माझ्या चुलतबहिणीने हिरवा पडदा लावला तर तिच्या सासऱ्याने तो रस्त्यात जाळला होता. मी स्वतः अजून हिरवा साबण घेत नाही, हसायचं तर हसा.

"डॉट," ती म्हणाली, "मी सगळं पाळलं. तो निघाला तेव्हा दारात उभी राहिले नाही, हात हलवला नाही, घरात हिरवी चिंधी येऊ दिली नाही. काय मिळालं मला त्यातून? पाळून रांडाव झाले, आता न पाळता काय व्हायचं राहिलंय?" आणि पोराकडे वळून, "हीच. हिरव्या फरश्यांसकट."

स्टुअर्टने तोंड उघडलं.

"आणि घर विकायचं नाही. ते तुला आजच सांगते, म्हणजे परत परत पेट्रोल जाळायला नको."

धुराडं साफ झालं, जुनी शेकोटी निघाली. नवी बसवायच्या दिवशी सकाळीच आयव्ही हजर. बातमी कोणी दिली कोण जाणे. मी नाही. ऐंशीला टेकलेली बाई, पण काठी आपटत अशी आली की टेरीच्या हातातला पाना खाली पडला.

"माझ्या भावाच्या घरात हिरवं! आधी त्याला धुऊन टाकलंस, आता काय राहिलंय?"

थेल्माचा आवाज चढला नाही. "बस आयव्ही. चहा टाकते. हिरव्या कपात देऊ का?"

आयव्ही दाराशीच उभी राहिली. स्टुअर्ट दोघींच्या मध्ये. मला तर वाटलं, आता किटली उडणार. तेवढ्यात टेरी खाकरला.

"मावशी, एक अडचण आहे. उघड्या ज्योतीला हवा लागते. भिंतीत झरोका असल्याशिवाय मी गॅस जोडणार नाही."

"बघ!" स्टुअर्ट म्हणाला. "घरच जुनं आहे आई. किती भोकं पाडशील?"

टेरी बाहेर जाऊन आला. "पाडायला नको. बाहेरून जाळीची वीट आहे. म्हणजे आतून कधीतरी झरोका होता." त्याने खिडकीखालची भिंत ठोकत नेली, एका जागी आवाज बदलला, तिथे त्याने वॉलपेपर कापला. आत रंगाने माखलेली पत्र्याची जाळी निघाली. चार स्क्रू काढले.

"बुजवलाय कोणीतरी. सगळेच बुजवतात. वारा लागतो ना पायाला." त्याने आत हात घातला. "कापड आहे कसलं तरी."

ओढता ओढता ते लांबतच गेलं. काजळी, कोळिष्टकं, कसरीने खाल्लेली भोकं. निळी लोकर. एक बाही, मग दुसरी. दुसऱ्या बाहीच्या कोपरावर लाल लोकरीचं रफू. निळी संपली म्हणून थेल्माने लाल वापरली होती आणि त्यावरून बोटीवरच्यांनी क्लिफला तिन्ही आठवडे चिडवलं होतं. हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

झरोक्यातून थंडगार वारा आत आला.

आयव्हीने काठी भिंतीला टेकवली, पुढे आली आणि टेरीच्या हातातून स्वेटर घेतला. नाकाशी नेला. मग अंगठ्याने विणीतून काहीतरी खरवडलं आणि तळहातावर घेऊन उजेडात धरलं. माशाचं खवलं. एक, मग दुसरं. बाहीभर होती. जन्मभर मासे कापलेल्या बाईला खवलं कळतं. आणि धुतलेल्या लोकरीत खवलं राहत नाही, हेही कळतं.

"धुतलेला नाही हा," आयव्ही म्हणाली.

"नाही," थेल्मा म्हणाली.

"मग हा गाढव..."

"त्या हिवाळ्यात वारा लागायचा थांबला," थेल्मा म्हणाली. "मला वाटलं, वाऱ्याने दिशा बदलली." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडताच ओरडली, "मूर्ख कुठला! आइसलंडला निघालास आणि स्वेटर भिंतीला घातलास!"

टेरीने बिचाऱ्याने मान खाली घालून गॅस जोडला. धुराची काडी पेटवून शेकोटीच्या तोंडाशी धरली. धूर क्षणभर घुटमळला आणि सरळ धुराड्यात गेला. त्याने ज्योत लावली. हिरव्या फरश्यांवर उजेड पडला.

थेल्माने डोळे पुसले, मागच्या मोरीतला टब काढला आणि त्यात कोमट पाणी सोडलं.

"धुतेस?" मी विचारलं.

"तीस वर्षं 'धुणारी' म्हणवून घेतलं. एकदा धुवायला नको?"

आयव्ही खिडकीतून गोदीच्या दिशेने बघत होती. "भरती कितीची आहे गं आज?" धुण्याआधी विचारायची जुनी सवय, दुसरं काय.

"आता कोण जातंय, आयव्ही?"

आयव्हीने बाह्या वर केल्या. थेल्माने स्वेटर पाण्यात बुडवला. पाणी आधी काळं झालं, मग तपकिरी, आणि वर खवलं तरंगली. थेल्मा पिळायला गेली तशी आयव्हीने तिचं मनगट धरलं. "पिळू नकोस. लोकर आहे. टॉवेलात गुंडाळ." दोघींनी तो टॉवेलात गुंडाळून दाबला. दोघींची बोटं सारखीच वाकडी झालेली, कोणाची कुठली ते कळत नव्हतं.

आत स्टुअर्ट टेरीला हळूच विचारत होता, "दर वर्षी तपासून घ्यावी लागते ना ही? पुढल्या हिवाळ्याआधी येऊन जाशील?"

कपडे वाळवायच्या लाकडी घोडीवर स्वेटर पसरला आणि घोडी शेकोटीपुढे ठेवली. लाल रफूची बाही आगीकडे आली. आम्ही तिघी चहा घेऊन बसलो, आणि कप पांढरेच होते. झरोक्यातून वारा सरळ घोट्यांना झोंबत होता. आयव्हीने पाय आखडून घेतले, मी शाल पायांवर ओढली. झरोका बुजवायला कोणी उठलं नाही.