साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे, हे आधीच सांगतो. नाहीतर तुम्ही टाळ्या वाजवायला बसाल. मी न्यायालयाचा पडदा आहे.

गिरणीत विणला गेलो तेव्हा वाटले होते, कुठल्यातरी घरात लटकेन, वारा खाईन. कसला वारा आणि कसले काय! मला आणून टांगले या बंद खोलीत. हे न्यायालय अनेक देशांनी मिळून उभारले आहे. एखाद्या देशात माणसांची कत्तल होते आणि तिथल्या कोर्टाची दातखीळ बसते, तेव्हा तो खटला इथे येतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुढे मी, माझ्यापुढे जाड काच आणि काचेपलीकडे खटला बघायला आलेली माणसे. त्यांनी साक्षीदाराला ओळखले तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून मी आडवा. त्याचा आवाजसुद्धा यंत्रातून घोगरा करून बाहेर सोडतात.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. "हा आहे म्हणून लोक बोलतात," असे न्यायाधीशबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. पुढे कोण विचारतो? कड्या गंजल्या, शिवण उसवली, धुळीने अंग जड झाले. दोन्हीकडचे दिसते, दोन्हीकडचे ऐकू येते आणि सांगता मात्र काहीच येत नाही. घुसमट म्हणजे काय, ते मला विचारा!

काल एका बेकरीवाल्याची विधवा साक्षीला आली. काचेच्या आतल्याच बाजूला आरोपी बसला होता, एकेकाळचा फौजेतला मोठा साहेब. त्याच्या हुकमावरून गावातले सगळे पुरुष बाजाराच्या आवारात नेऊन मारले, असा आरोप होता. साहेबाचा एकच हेका, "मी त्या दिवशी त्या गावात नव्हतोच." त्याला तिथे जवळून पाहिलेले एकच माणूस जिवंत उरले होते, ते म्हणजे ही बाई.

काम सुरू व्हायच्या आधी ती शिपाईबाईला म्हणाली, "पोरगा याच शहरात कामाला आहे. पण त्याला पत्ता लागू दिला नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला चाललेय म्हणून थाप मारलीय."

"खरं का नाही सांगितलं, मावशी?"

"बाप तापाने गेला, असं सांगून वाढवलाय त्याला. खरं कळलं तर जन्मभर जळत राहील. तो ऐकायला असता तर माझी जीभच रेटली नसती."

त्याच वेळी काचेपलीकडे एक तरुण रखवालदाराला सांगत होता, "आमच्या गावाचा खटला आहे. मी तेव्हा तान्हा होतो. आईला विचारलं की ती विषय बदलते." मी दोघांच्या मध्ये! तरी मला शंका आली नाही. अशी तान्ही पोरे गावात कितीतरी असतील.

बाई बोलू लागली. "दुपारी गाड्या आल्या. मी पोराला रिकाम्या भट्टीत लपवलं. हा साहेब दुकानात आला. फळीवरचा पाव मोडला आणि म्हणाला, 'बाई, आज कडक झालाय.' आवारात गोळ्या सुटल्या तेव्हाही हा खातच होता."

साहेबाचा वकील उठला. "भट्टीत मूल होतं, तर त्याचं रडणं साहेबांना ऐकू कसं आलं नाही?"

 

"रडलं ना," ती म्हणाली. "म्हणून मीच धाय मोकलून रडायला लागले. त्याचा आवाज माझ्या आवाजात बुडावा म्हणून. भट्टी गार झाली असं मला वाटलं होतं. मागची एक वीट तापलेली होती. डावी टाच भाजली माझ्या पोराची. त्याला सांगितलंय, दूध सांडलं होतं."

काचेपलीकडे त्या तरुणाने डावा बूट काढला. मग मोजा. टाच हातात धरून तो बघत राहिला. मग उठून काचेपाशी आला, माझ्यापासून वीतभर. त्याने तोंड उघडले.

अरे देवा! मागच्या बाकांवर साहेबाचे भाऊबंद बसले होते. एक हाक मारली असती, तर आत कोण आहे ते सगळ्यांना कळले असते. मला वाटले, कड्या तुटाव्यात, मी गळून पडावे आणि मायलेकांची एकदाची नजरानजर व्हावी. आणि त्याच क्षणी वाटले, माझा एक टाकासुद्धा उसवू नये!

त्याने मूठ तोंडात कोंबली आणि तो खाली बसला.

"काय झालं रे?" साहेबाच्या भावाने मागून विचारले.

"काही नाही. बुटात खडा गेला होता."

आत बाई शिपाईबाईला हळूच विचारत होती, "बाहेर ओळखीचं कुणी नाही ना?"

"नाही हो, मावशी."

"मग विचारू दे त्यांना काय विचारायचंय ते."

आज ती पुन्हा आली आहे. बसता बसता शिपाईबाईला म्हणाली, "रात्री पोराचा फोन आला होता. म्हणतो, आई, अजिबात घाबरू नकोस, मी आहे. वेडाच आहे! त्याला काय माहीत?" तो काचेपलीकडे पहिल्या बाकावर बसला आहे.

मित्रांनो, खरे बोलणाऱ्याला जपा. माझी शिवण घाला, कड्यांना तेल द्या. आणि तिचे बोलणे संपेपर्यंत मला इथून कुणी हलवू नका.