ओलिंदाची फिलोमेनाबाई चढण चढते

मी एक जुनी बाहुली आहे. मित्रांनो, बाहुली म्हटल्यावर काखेत मारून न्यायची वस्तू डोळ्यांसमोर आणू नका. माझी उंची दोन माणसांएवढी आहे. रस्त्यातून चालताना मला वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत काय शिजतंय ते दिसतं. माझं नाव दोना फिलोमेना, म्हणजे फिलोमेनाबाई. आमच्या ओलिंदा गावच्या कार्निव्हलमध्ये मला ओळखत नाही असा माणूस एक तर आंधळा असेल, नाहीतर कालच जन्मलेला.

चौतीस वर्षांपूर्वी जोझिल्दोने मला आपल्या परसात घडवलं. तो तेव्हा तरणाबांड होता, ताडासारखा उंच. आमच्या गल्लीत फिलोमेना नावाची एक तापियोकाची धिरडी विकणारी बाई होती, मोठ्या हाडापेराची आणि फटकळ तोंडाची. ती वारली तेव्हा गल्लीला चैन पडेना. मग जोझिल्दोने तिचा चेहरा मातीत घडवला, त्यावर रद्दी वर्तमानपत्रांचे तुकडे खळीने थरावर थर चिकटवले आणि वाळल्यावर आतली माती काढून टाकली. ते झालं माझं डोकं. माझ्या डाव्या गालात त्या आठवड्यातल्या फुटबॉल सामन्याची बातमी आहे. तो सामना आम्ही हरलो होतो, म्हणूनच की काय, तो गाल जरा बसका आहे.

डोक्याखाली लाकडी सांगाडा, त्यावर पायघोळ झगा आणि खांद्यांना कापसाने भरलेले दोन लांब हात. हे हात मोकळे लोंबतात. आतला माणूस गिरकी घेतो तेव्हा ते गरगरा फिरतात आणि जो जवळ असेल त्याच्या कानाखाली बसतात. आमच्या गावात बाहुलीची चपराक खाल्ली की वर्ष चांगलं जातं असं मानतात. माणसं गाल पुढे करून उभी राहतात. मी आजवर दोन नगराध्यक्षांना, एका पाद्रीबुवांना आणि असंख्य पर्यटकांना वाजवलंय, आणि एकाचीही माफी मागितलेली नाही.

जोझिल्दो डोक्यावर चुंबळ ठेवून मला उचलायचा. झग्याला पोटापाशी जाळीचा एक चौकोन असतो, त्यातून त्याला समोरचं दिसायचं. मंगळवारी, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, पुढे तुताऱ्या आणि ढोलांचं पथक, मध्ये मी आणि मागे रंगीत छोट्या छत्र्या नाचवणारी सगळी गल्ली, अशी आमची मिरवणूक मिझेरिकोर्दियाची चढण चढून देवळाच्या ओट्यावर जायची. तिथून खाली समुद्र दिसतो. आमच्या मंडळाचा नियम एकच आहे: बाहुली एकदा उठली की ओट्यापर्यंत टेकायची नाही. वाटेत टेकली, तर तिची मिरवणूक तिथेच संपली.

कार्निव्हलचे दिवस सोडले तर बाकीचं वर्ष मी परसातल्या छपरीत असते, पण त्याचं फार रडगाणं गाणार नाही. झुरळं असतात. एकदा एका कोंबडीने माझ्या झग्यात अंडी उबवली आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत घरातल्या कुणालाही पत्ता नव्हता. मला ते आवडलं होतं, खरं सांगायचं तर.

तर मित्रांनो, तीन वर्षांपूर्वी जोझिल्दोचा गुडघा गेला. चढणीच्या मध्यावर, साऱ्या गावासमोर, मला टेकावं लागलं. वाजणाऱ्या तुताऱ्या बंद पडल्या. त्या दिवसानंतर जोझिल्दो छपरीत यायचा, माझ्या डोक्यावरची धूळ झटकायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. पुढची दोन वर्षं मला कुणी बाहेरच काढलं नाही.

मग मंडळाचा अध्यक्ष आमारो एक बेत घेऊन आला. आमारो माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्या गोष्टी नीट मांडून ठेवलेल्या आवडतात. खालच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलला मी हवी होते, दाराशी उभी करायला. थंडगार हवा, काचेची पेटी, झुरळं नाहीत, आणि पर्यटकांना बारा महिने फोटो काढता येतील. जोझिल्दो बराच वेळ गुडघा चोळत राहिला. त्याची मुलगी लेनिल्दा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मी उचलते.”

लेनिल्दा सव्वीस वर्षांची, टपाल वाटते, दिवसातून चार वेळा ती चढण चढते. पण उंची आईवर गेलेली. बापाच्या काखेखालून सहज जाईल एवढीच. आणि आमच्या मंडळात बाईने बाहुली उचलली असं कधी झालं नव्हतं.

आमारो हसला. “अगं, तू झग्याखाली शिरलीस तर आम्हाला तुला शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल.”

“शोधा की,” ती म्हणाली. “तोवर मी वर पोचलेली असेन.”

शेवटी असं ठरलं की यंदाच्या कार्निव्हलच्या मंगळवारी लेनिल्दाने मला न टेकवता ओट्यावर नेलं तर मी गल्लीची. नाहीतर बुधवारी हॉटेलची गाडी येणार. मित्रांनो, मला कुणी काही विचारलं नाही. मी कागदाची आहे, पण काचेच्या पेटीत उभं राहायचं या विचाराने माझ्या आत जे झालं ते कागदाला होत नसतं.

लेनिल्दाने दोन महिने सराव केला. सांगाड्याचे पाय जमिनीला घासू नयेत म्हणून जोझिल्दोने आतली, डोक्यावर टेकायची फळी तिच्या उंचीला खाली ठोकून दिली. टपाल वाटून आली की नुसता सांगाडा उचलायची आणि परसात गिरक्या घ्यायची. मान अवघडली की आई तेल चोळायची. जोझिल्दो खुर्चीत बसून सांगायचा, “मानेने नको उचलू, पोटाने उचल.” महिनाभरात ती मला अशी नाचवू लागली की कोंबड्या परसात यायच्या बंद झाल्या.

झगा मात्र तिच्यावर चढवून कुणी बघितला नाही. तशी आमच्याकडे पद्धतच नाही. जोझिल्दोची बहीण इरासी दर वर्षी नवा झगा शिवते, दार लावून, आणि मंगळवारी सकाळपर्यंत तो कुणाच्या नजरेला पडू देत नाही. यंदाचा आंब्याच्या रंगाचा होता, खाली निळी झालर. मला दोन बाकांवर आडवी करून तो चढवला तेव्हा बायकांनी तोंडावर हात घेतले. लगेच इरासी आणि जोझिल्दो कुणाच्या तरी गाडीतून वर ओट्यावर गेले, कारण दोघांनाही ती चढण आता झेपत नाही. लेनिल्दा आत शिरली, चुंबळ सरळ केली, मला उचललं. तुताऱ्या वाजल्या. आणि मग तिचं पहिलं पाऊल हवेतच अडलं.

तिला काहीच दिसत नव्हतं.

इरासीने जाळी नेहमीसारखी लावली होती, जोझिल्दोच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती लेनिल्दाच्या डोक्याच्याही वर आली होती. समोर नुसतं आंब्याच्या रंगाचं कापड. टेकता येत नव्हतं, मागे गर्दी रेटत होती, आणि ढोलांच्या गजरात तिची हाक कुणाला ऐकू जाणार? ती निघाली. चढणीचा एकेक दगड तिच्या पायांना पाठ होता, पण माणसं पाठ नव्हती. आधी आम्ही बर्फगोळ्याच्या गाडीवर आदळलो. मग एका सज्जात माझं डोकं घुसलं आणि तिथल्या म्हाताऱ्याच्या हातातला सूपचा पेला उडाला. लोक टाळ्या पिटत होते. काय नाचतेय बघा यंदा, असं म्हणत होते. आमच्या गावचं हे असंच आहे. इथे चुकलेलं पाऊल कुणाला कळतच नाही, सगळ्याचा नाच होतो.

ते कळलं एका परक्या माणसाला.

त्याचं नाव काझिमिरो. तो दूर दक्षिणेतल्या कुरितिबाहून आला होता, जिथे माणसं स्वेटर घालतात आणि रांगेत उभी राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सहकाऱ्यांनी त्याला ही सहल भेट दिली होती. डोक्यावर टोपी, नाकावर उन्हासाठी पांढरं मलम, हातात बघायच्या देवळांची यादी. सकाळपासून त्याच्या अंगावर दोनदा पाणी उडालं होतं, यादी भिजली होती, आणि एकही देऊळ उघडं सापडलं नव्हतं. तो भिंतीला चिकटून गर्दी ओसरायची वाट बघत होता. असे पर्यटक मला मुळीच आवडत नाहीत. लेनिल्दाने गिरकी घेतली आणि माझा उजवा हात त्याच्या कानाखाली असा सणसणीत बसला की चष्मा उडाला.

तो चष्मा शोधायला वाकला. तिथे झालरीखाली त्याला दोन पाय दिसले. पाय सरळ भिंतीकडे निघाले होते. त्याने झग्याला तोंड लावलं.

“ताई, तुम्हाला दिसत नाहीये का?”

“कोण आहे?”

“पर्यटक.”

“मग बाजूला व्हा काका, तुडवले जाल.”

“चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलीय मी,” तो म्हणाला. “न बघता चालवणारा मला लांबून कळतो. थांबा, म्हणजे थांबू नका. उजवीकडे घ्या. अजून. आता सरळ.”

पथकाच्या गोंगाटात बोलणं टिकेना, तेव्हा त्याने झालर मुठीत धरली. उजवीकडे ओढली की उजवीकडे वळायचं, डावीकडे ओढली की डावीकडे, आणि दोनदा खाली हिसका दिला की वर विजेची तार आहे, वाकायचं. चष्मा सापडला नव्हता, तरी त्याला माझ्या पोरीपेक्षा बरं दिसत होतं. तो पुढे चालू लागला. वाटेत येणाऱ्यांना हाताने बाजूला सारत होता, जणू रस्त्यावर सगळी नवशिकीच आहेत. एका मुखवट्यावाल्याला त्याने उलटं चालल्याबद्दल रागावलंसुद्धा. आणि मित्रांनो, मी वरून बघत होते म्हणून सांगते, चढणीच्या मध्यावर, जिथे मी तीन वर्षांपूर्वी टेकले होते, तिथे त्या माणसाच्या टाचा आपोआप ढोलाच्या तालावर उचलायला लागल्या. त्याला स्वतःला कळलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

पावाच्या दुकानापाशी विजेची तार फार खाली आली आहे. जोझिल्दो तिथे जाळीतून अंदाज घेऊन झुकायचा. काझिमिरोने दोनदा हिसका दिला. लेनिल्दा गुडघ्यांत वाकली, पण तार अजून खालीच होती. त्याने पुन्हा हिसका दिला. ती आणखी वाकली. माझा अंबाडा तारेला घासला. माझ्या सांगाड्याचे पाय आणि रस्त्याचे दगड यांत बोटभर जागा उरली होती. लोकांना वाटलं, फिलोमेनाबाई गावाला नमस्कार करतेय, आणि सगळे ओरडले. आत लेनिल्दा दोन्ही हातांनी सांगाडा धरून होती. तीस किलोची मी, तिच्या इवल्याशा मानेवर. तशीच दोन पावलं सरकून आम्ही तारेखालून निघालो, पण आता तिला उठता येईना. मला वाटलं, संपलं. हॉटेलची काच मला डोळ्यांसमोर दिसली.

काझिमिरो रस्त्यातच उकिडवा बसला आणि झालर वर करून आत म्हणाला, “चढावर गाडी बंद पडली की घाबरणारे सगळे मागे घसरतात. तुम्ही घाबरलेल्या नाही आहात. पहिला गियर. सावकाश.”

ती उठली. पोटाने उठली, बापाने शिकवलं तशी. मी इतक्या वेगाने वर आले की माझे दोन्ही हात आकाशात गेले आणि खाली येताना पथकाच्या म्होरक्यालाच बसले. पुढची चढण आम्ही नाचत गेलो. खरंखुरं नाचत. पोरीला आता माणसाचा भरवसा आला होता, आणि मला पोरीचा.

ओट्यावर लेनिल्दाने मला टेकवलं आणि बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिने हात आडवा धरला. तोवर गल्लीबाहेरच्या गर्दीला ठाऊकच नव्हतं आत कोण आहे. कुणीतरी तिला ओळखलं आणि टपालवाल्या पोरीचं नाव खालच्या गल्लीपर्यंत घुमलं. आमारोने मान खाली घालून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग त्याला थांबता येईना. हॉटेलचा माणूस शेजारीच होता. त्याला तो म्हणाला, “माफ करा साहेब, ही एका जागी उभी राहणारी बाई नाही.”

जोझिल्दो मात्र मुलीकडे रोखून बघत होता. “भिंतीकडे कुठे निघाली होतीस? वरून सगळं दिसत होतं मला.”

“दिसत नव्हतं, बाबा.”

इरासी पुढे आली. झग्यात हात घालून तिने जाळी चाचपली आणि मग भाचीच्या डोळ्यांवर तोच हात ठेवला. दोन्हींत दीड वीत अंतर होतं. “तुझ्या बापाची उंची माझ्या हातात बसलीय गं,” ती म्हणाली. “तीस वर्षं तेवढंच शिवलं मी.” आणि रडू लागली.

जोझिल्दो काठी टेकत उठला. त्याने लेनिल्दाच्या डोक्यावरची घामाने भिजलेली चुंबळ काढली, पिळली, झटकली आणि पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवली.

“इरासी,” तो म्हणाला, “यापुढे मापं हिची घे.”

काझिमिरोचा चष्मा सापडलाच नाही. देवळं बघायची राहिली ती राहिलीच. गल्लीने त्याला तीन दिवस जेवू घातलं आणि जाताना त्याने आमारोला फक्त एवढंच विचारलं की पुढच्या वर्षी मंगळवार कितव्या तारखेला येतो.

मित्रांनो, आता मी पुन्हा छपरीत आहे आणि झुरळांशी माझं बरं चाललंय. जुन्या वस्तूंना जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात, आणि तुम्ही त्यांच्यावरची धूळ पुसता, त्यांना काचेत ठेवता. माझं मागणं थोडं निराळं आहे. मला जपायचं असेल तर मला उचलणाऱ्या माणसाला जपा. तिच्या मानेला तेल लावा, दमून आली की पाणी द्या. आणि माझा झगा शिवाल तेव्हा तिला समोरचा रस्ता दिसेल एवढी जाळी, तिच्या डोळ्यांपाशी ठेवा.