ऑल्विनची सकाळची फेरी

"कोल्ह्यानंच खाल्लंय. जीभ बघ ना, जीभ!" ऑल्विन ट्रेझाइझ म्हणाले आणि त्यांनी आणखी एक मेलेलं कोकरू माझ्या गाडीच्या मागच्या फळीवर ठेवलं.

इकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा; वारा बोचरा होता. मी हातमोजे चढवले, कातडी सोलली. कुरतडलेल्या भागाखाली रक्त साकळलेलं नव्हतं.

"कोल्हा आला तेव्हा हे आधीच मेलेलं होतं," मी म्हणाले.

"कोल्ह्याचं वकीलपत्र घेतलंयस वाटतं!"

"बाबा, तिला काम करू द्या ना," त्यांची मुलगी ग्लेनिस म्हणाली.

मला, जनावरांच्या डॉक्टरला, तिनंच बोलावलं होतं. सोनोग्राफीत निम्म्या मेंढ्यांच्या पोटात जुळी दिसली होती. कुरणात मात्र बहुतेकींच्या मागे एकेकच कोकरू फिरत होतं. यंदाही असंच झालं तर मेंढ्या विकून तिथे गहू पेरायचा, असं तिनं ठरवलं होतं आणि वडिलांना सांगितलंही होतं. ऑल्विन या कुरणात मेंढ्यांमागेच म्हातारे झाले होते. गव्हाचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात.

मी फुप्फुसाचा तुकडा बादलीतल्या पाण्यात टाकला. तो तरंगला.

"म्हणजे यानं श्वास घेतला होता. आणि हे खूर बघा. जन्मताना यांच्यावर पिवळं, मऊ आवरण असतं. ते झिजलंय. म्हणजे हे उभं राहिलं, चाललंही."

"मग?"

मी जठर उघडलं. आत दुधाचा थेंब नव्हता. मूत्रपिंडाभोवतीची चरबी पार संपली होती. दुसरं कोकरू उघडलं, तिसरं उघडलं. तेच.

"ही उपाशी मेली, ऑल्विन. आईपासून तुटली."

"माझ्या कुरणात? गवत गुडघ्याएवढं आहे! मेंढ्यांच्या कासा बघ, फुटायला आल्यात!"

"दूध आहे. कोकरू तिथवर पोचलंच नाही. तुम्ही फेरी किती वेळा मारता?"

"उजाडताना आणि दुपारी. एक दिवस चुकवलेला नाही." त्यांची छाती किंचित पुढे आली. "ग्लेनिसच्या आईला पुरलं, त्या दिवशीसुद्धा मारली होती."

"गाडीनं? कळपातून?"

"मग काय विमानानं? पोटानं जड होऊन आडवी पडलेली मेंढी आपली आपण उठत नाही, तिला उठवायला नको?"

मी हातमोजे काढले. हे सांगताना ते हातात नसावेत असं वाटलं.

"मेंढी बहुधा पहाटे विते. व्याली की काही तास ती जागा सोडत नाही. तेवढ्यात दोन्ही कोकरांचा वास तिच्या डोक्यात बसतो. मध्येच गाडी आली की ती उठून निघते. जे मागे धावेल, ते तिचं. मेंढीला मोजता येत नाही, ऑल्विन. दुसरं राहिलंय हे तिला कळतच नाही. जुळीवाल्या मेंढ्यांचे छोटे कळप करा, आडोशाला ठेवा, आणि आत जाऊ नका."

ऑल्विन ओळीनं पडलेल्या कोकरांकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ग्लेनिसनं त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांना जाणवलाही नसावा.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. मग, जणू कुणी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं, "रोज."

ग्लेनिस पटकन म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, बाबा."

"मला नाही तर कुणाला?"

आठवड्यानं मी पहाटे परत गेले. जुळीवाल्या मेंढ्या आता पाइनच्या रांगेआड वेगळ्या होत्या. ऑल्विन बंद फाटकाबाहेर उभे होते. गाडी रस्त्यावरच होती, इंजिन थंड.

आत एक मेंढी एका कोकराला चाटत होती. दुसरं चार हातांच्या अंतरावर ओलं पडलेलं, मान टाकून.

"उठेल?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"सांगता येत नाही."

"जाऊन नुसतं उभं केलं तर?"

त्यांची बोटं कडीवर आवळली, पांढरी पडली, आणि तशीच राहिली.

"बस," ते पायाशी असलेल्या कुत्र्याला दबक्या आवाजात म्हणाले.

कुत्रा केव्हाचाच बसलेला होता.