सुखचाल चूर्ण

पुंडलिकनगरात विशाखाचं पत्रकं छापायचं दुकान होतं. खोली एवढीशी, पण अर्ध्या शहराची गरज तिथून कागदावर उतरायची. मुलींचं होस्टेल, बोअरवेलची गाडी, महिनाभरात इंग्रजी, मूळव्याधीवर बिनऑपरेशन इलाज, 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता'. गिऱ्हाईक मजकूर आणायचं, विशाखा तो मांडून छापून द्यायची आणि पेपर टाकणारे सकाळच्या पेपरात घडी घालून घरोघर पोचवायचे.

अकरा वर्षं हे काम करून तिला एक खोड लागली होती. मजकूर वाचता वाचता ती माणूसही वाचायची. 'घरगुती चवीचा डबा' असं लिहून घेणाऱ्याच्या हाताला फोडणीचा वास येतो का, हे ती आधी बघायची. नवरा म्हणायचा, "तुला देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येईल." ती म्हणायची, "आला तर काय बिघडलं?"

बन्सीचा संशय मात्र तिला उशिरा आला, आणि ते तिला पुढं फार दिवस डाचत राहिलं.

बन्सी गारखेड्यात एका खोलीत 'सुखचाल चूर्ण' विकायचा. गुडघे, कंबर, मान, सगळ्या सांधेदुखीवर एकच पुडी. माणूस स्वच्छ कपड्यातला, बोलायला मऊ, पैसे आगाऊ देणारा. पहिल्या खेपेला तिनं विचारलं होतं, "लायसन नंबर?" त्यानं लगेच एक लांबलचक आकडा लिहून दिला. इतका लांब की तिला तो खरा वाटला. तिनं पत्रकं छापली. दोन महिन्यांनी पुन्हा छापली.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, आता फोटो टाकायचा. बरं झालेल्या पेशंटचा. तुमच्या नंबरवर पाठवलाय."

विशाखानं फोटो उघडला. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी कमरेवर कळशी घेऊन ताठ उभी होती. खाली ओळ होती : 'चार वर्षं काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं. सुखचालनं पंधरा दिवसांत उभं केलं. दगडाबाई, मु. पो. पाचोड.'

ती तिची सख्खी मावशी होती.

आईच्या माघारी विशाखाचं माहेर म्हणजे पाचोडची मावशीच. दिवाळीला ती जाऊन आली, तेव्हा मावशी भिंत धरून न्हाणीपर्यंत जात होती. आणि ही कमरेवर कळशी?

तिनं आवाज सपाट ठेवला. "ओळखीच्या आहेत का या बाई?"

"आमच्या पेशंट. हौसेनं दिला फोटो."

"तुम्ही स्वतः भेटलात?"

"मी नाही. पाचोडला आमचे प्रतिनिधी आहेत, त्यांनी पाठवला." बन्सी हसला. "काहून ताई? फोटो बरा नाही आला का?"

"अंधूक आहे. चार दिवस लागतील."

तो गेल्यावर तिनं फोटो मोठा करून करून पाहिला. डोकं एकीचं, धड दुसरीचं, असे फोटो तिनं लई पाहिले होते. पण इथं जोड सापडेना. मागं मावशीच्याच न्हाणीचं निळं पत्र्याचं दार होतं. म्हणजे फोटो घरातल्याच कुणीतरी काढलेला. घरात माणसं तीन : मावशी, तिचा मुलगा विश्वजीत आणि सून मेघा. विश्वजीत दिवसभर मोसंबीच्या बागेत. मग मेघाच. सासूला धरून उभं केलं असेल, रिकामी कळशी दिली असेल, आणि फोटो विकला असेल. मेघाशी विशाखाचं तसंही कधी फार जुळलं नव्हतं. संशयाला बसायला जागा आयतीच मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती पाचोडच्या एसटीत बसली. बाजाराचा दिवस होता, गाडी खच्चून भरलेली. वाटेत तिनं मेघाला काय काय ऐकवायचं, ते मनात तीनदा घोकलं.

ते सगळं घोकलेलं अंगणातच वाया गेलं. मावशी बाजारातून येत होती. काठी नाही, कुणाचा हात नाही, डोक्यावर भाजीची पाटी.

"अगं बया! विशा! न सांगता आलीस व्हय?"

विशाखाच्या डोळ्यांत पाणीच आलं. मावशीनं पाटी उतरवली आणि तिच्यासमोर दोन उठाबशा काढून दाखवल्या. "बघ. म्या मुद्दाम फोनवर सांगितलं नाय. म्हनलं, येशील तवा डोळ्यानंच बघशील."

घडीभर विशाखाला स्वतःचीच लाज वाटली. औषध खरं निघालं, फोटो खरा निघाला, आणि आपण भांडायला निघालो होतो.

पण जवळून पाहिल्यावर तिची नजर मावशीच्या चेहऱ्यावर अडकली. मावशी मूळची लांबोळक्या तोंडाची, गालफडं बसलेली. आता चेहरा पुरणाच्या पोळीसारखा गोल झाला होता, गाल टम्म आणि लालसर. दंडावर हिरवेजांभळे डाग होते.

"हे कशानं?"

"काय की. नुसतं दाराला घासलं तरी पडतं. म्हातारं कातडं."

जेवताना मावशी तीन भाकरी जेवली आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्याली. "भूक बी लई लागती आता," ती कौतुकानं म्हणाली.

विशाखा ताट ठेवायला आत गेली, तशी मेघानं चुलीकडं तोंड ठेवूनच विचारलं, "वन्सं, एक विचारू का? राग नका धरू. त्या पुडीत काय हाय?"

"मला काय माहीत? मीच तुम्हाला विचारायला आले."

मेघा वळली. "तुमाला माहीत नाय? औषध तर तुमचंच ना?"

"माझं?"

मेघानं फडताळातून घडी पडलेलं पत्रक काढलं. पहिल्या खेपेचं, बिनफोटोचं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, जी विशाखा प्रत्येक पत्रकावर न बघता टाकायची : विशाखा ग्राफिक्स, पुंडलिकनगर.

"म्याच वाचून दाखवलं त्यांना," मेघा म्हणाली. "तुमचं नाव ऐकलं आन् म्हनल्या, माझ्या विशाच्या दुकानाचं हाय, ती खोटं छापायची नाय. दुसऱ्या दिवशी फोन लावून पुड्या मागवल्या. मला वाटलं, तुमची त्या माणसाशी भागी असंल. म्हनून म्या इतके दिवस गप. रात्रीतून चारचारदा उठतात, पाय सुजतात. पण बोलायचं कुणाला? तुमच्याबद्दल वाकडं ऐकून घेतात का त्या?"

विशाखा चुलीपाशीच खाली बसली. ज्या बाईवर ती आख्ख्या वाटेत आग पाखडत आली, ती बाई महिनाभर तिच्यावरच संशय घेऊन बसली होती, आणि दोघींत खरी ठरली होती ती मेघाच.

"आन् तो पाचोडचा प्रतिनिधी?" विशाखानं विचारलं.

मेघानं ओसरीकडं हनुवटी केली. "बसल्यात की बाहीर. तो फोटो बी त्यांनीच हौसेनं माझ्याकडून काढून घेतला. पाच जणींना दिलं की एक पुडा फुकट. आख्खी गल्ली घेती."

विशाखानं एक पुडी पर्समध्ये टाकली आणि परतल्यावर सरळ शहागंजात जब्बारचाचांकडं गेली. चाचांचं जडीबुटीचं दुकान बापजाद्यांपासूनचं. त्यांचं दरपत्रक ती छापून द्यायची. चाचांनी चूर्ण तळहातावर घेतलं, हुंगलं, जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं.

"सुंठ आहे, असगंध म्हणजे अश्वगंधा आहे. पण बेटा, मागून येतोय तो कडूपणा झाडपाल्याचा नाही. गोळी कुटून घातलीय कुणीतरी. किती दिवसांत आराम पडला?"

"चौथ्या दिवशी चालायला लागली म्हणे."

"असगंध चार दिवसांत कुणाला चालवत नाही. महिना-दोन महिने घेते, तेही थोडं." चाचांनी हात धुतला. "तो गारखेड्यावाला माझ्याकडं पण आला होता. म्हणाला, माल ठेवा. मी म्हटलं, आत काय आहे ते लिहून दे. पुन्हा फिरकला नाही. तू डॉक्टरला दाखव. मी जडीबुटी विकणारा अत्तार माणूस, माझ्या जिभेवर भरोसा नको ठेवू."

त्या वाक्यानं तिला चटका बसला. आत काय आहे ते लिहून दे. एवढं एक वाक्य तिलाही बोलता आलं असतं.

मावशीला शहरात आणायला तिनं साडीखरेदीचं निमित्त केलं आणि मेघाला सोबत घेऊन थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी मावशीचा चेहरा बघूनच विचारलं, "आजी, सांध्याची पावडर घेता का कुठली?"

"घेते की. तुमाला कसं कळलं?"

रक्तातली साखर चारशेच्या घरात निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. नक्की काय ते तपासल्यावर कळेल, पण लक्षणं तीच आहेत. दुखणं झाकून टाकतं आणि आतून माणूस पोखरतं. आणि एक, हे एकदम बंदही करायचं नाही, जिवावर बेतू शकतं. मी गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करायच्या."

"म्हंजे पुन्हा काठी?" मावशीनं विचारलं.

"गुडघे दुखतील, आजी. खोटं नाही सांगत."

मावशी विशाखाकडं वळली. "साडी घ्यायला आनलंस व्हय मला? चालती बाई बघवंना तुला?"

मावशीनं गुडघ्यांवरचं लुगडं सारखं केलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "आन् ज्यांनी माझ्या हातून नेलं, त्यांचं काय?"

"त्यांनाही हेच. पुडी एकदम बंद करायची नाही, आधी दाखवायला आणायचं."

"नऊ घरं हाईत," मावशी म्हणाली, आणि वाटेत बोटांवर एकेक घर मोजत राहिली.

बन्सी ठरल्या दिवशी पत्रकं न्यायला आला. विशाखानं त्याच्यापुढं मावशीचा रिपोर्ट ठेवला. "ही माझी मावशी आहे. पुडीत काय घालता?"

त्यानं कागदाला हात लावला नाही. "ताई, त्या चालतात की नाही? डॉक्टरांनी चार वर्षांत चालवलं होतं का?"

"मी काय विचारतेय?"

"माल मला वरून येतो. मी काय घरी कुटतो?" त्याच्या आवाजातला मऊपणा आता विरला होता. "आणि तक्रारीला जाल तर नीट विचार करा. पत्रकावर माझं नाव नाही. तुमचं आहे."

ते खरंच होतं. रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही म्हणाला, "उगाच अंगावर येईल. गप्प बस." त्याच्या पोटात माया होती की भीती, हेही तिला त्या क्षणी उमगेना. सकाळी तिनं मावशीकडच्या उरलेल्या पुड्या, तिन्ही खेपांचा मजकूर आणि तो लांबलचक लायसन नंबर घेऊन सरकारी औषध खात्याची कचेरी गाठली. जबाबात पहिलंच वाक्य लिहिलं की ही पत्रकं मी छापली. साहेबांनी नंबर तपासला, तो कुठल्याच औषधाचा नव्हता. ते लोक गारखेड्यात पोचेपर्यंत खोलीला कुलूप होतं आणि बन्सीचा फोन बंद. पुड्यांचे नमुने तपासायला गेले. उत्तर यायला वेळ लागेल, असं तिला सांगण्यात आलं.

तीन आठवड्यांनी मेघाचा फोन आला. "वन्सं, या. आत्याबाई ऐकंनात. काठी घेऊन गल्लीत निघाल्यात."

विशाखा पोचली तेव्हा मावशी पाचव्या दारापुढं उभी होती. चेहरा अजून सुजलेलाच होता, पण गुडघे पुन्हा वाकले होते आणि सगळा भार काठीवर होता. आतून शेजारीण, भागूबाई, कमरेवर हात ठेवून बोलत होती.

"तवा म्हनलीस घे, आता म्हनती टाक. तुला फुकटचा पुडा मिळंना झाला आसंल, म्हनून आमचं बी बंद का?"

"भागू, माझं ऐक. एकदम टाकू नको, पर विशाच्या डागदरनीकडं चल. तुझं तोंड बी सुजलंय बघ."

"माझं तोंड चांगलं भरलंय. तुझंच मन सुजलंय." भागूबाईनं विशाखाकडं बोट केलं. "आन् ही? हिनंच छापलं ना? आता नवं काय इकायला आली?"

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"मावशी, चल. आपण उद्या येऊ," ती म्हणाली. "किती जणी तयार झाल्या?"

"दोघी. एकीनं पुडा दिला, पर डब्यात अजून ठिवलेत, मला ठावं हाय." मावशीनं काठी भिंतीला टेकवली आणि गुडघा दाबत, कण्हत, भागूबाईच्या उंबऱ्याशेजारी ओट्यावर बसली. "तू जा मेघाकडं, चहा पी. म्या हितंच बसते. दुपारी पान्याला तरी दार उघडंलच की."

विशाखा गेली नाही. ती पण पदर सावरून मावशीच्या शेजारी बसली. मावशीनं तिच्याकडं पाहिलं नाही, पण सरकून थोडी जागा केली.