दोघांना एकच दान

त्या शनिवारी म्हातारा टेलर लेकीच्या पँटची शिलाई उसवत बसला होता, आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. ही शिलाई घालणाऱ्यानं हातानं घातली की पायानं, असं तो विचारत होता. लेक हसून बेजार झाली होती. बोलता बोलता विषय त्या जुन्या खोलीवर गेला.

ती लहान असताना आईबापांची कोर्टात जुंपली होती. बापलेकीनं भेटायचं ते शनिवारी, एका संस्थेच्या खोलीत, आणि तेही देखरेखीच्या ताईंसमोर. खोलीत सापशिडी होती, फासा मात्र हरवलेला. मग बाप म्हणायचा, ताई, दान तुम्हीच सांगा. ताईंना सक्त ताकीद होती, कुणाची बाजू घ्यायची नाही. म्हणून त्या दोघांना एकच आकडा देत. बापाला चार तर लेकीलाही चार. दोन्ही सोंगट्या एकाच शिडीनं चढायच्या आणि एकाच सापाच्या तोंडी जायच्या. शंभरावर पोचल्या तरी बरोबरीनंच. "याला म्हणतात न्याय," बाप म्हणायचा, आणि ताई हसू दाबायला उगीच खोकायच्या.

आज त्यानं दातानं दोरा तोडला आणि एकदम विचारलं, "खरं सांग बाळ, तुला तिथं यायची जबरदस्ती वाटायची का? मी खिडकीतून बघायचो. आईजवळ पोचायचीस तेव्हा तोंड पाडलेलं असायचं."

"आता कुठं ते उकरून काढता, बाबा," म्हणत ती चहा ठेवायला उठली. उत्तर सोपं होतं, पण ते देणं म्हणजे आईची चहाडी करणं. एकदा ती खिदळत बाहेर आली होती आणि आईचा चेहरा खर्रकन उतरला होता. तेव्हापासून ती हसू आतच ठेवून यायची.

त्याच रात्री तो झोपेतच वारला.

नंतर आई आली. कितीतरी वर्षांनी ती या घरात पाऊल टाकत होती. तिनं विखुरलेल्या सुया डबीत भरल्या, चिंध्या झटकल्या. या माणसाला मेला तरी आवरायचं कळलं नाही, असं गेलेल्यालाही सुनावून घेतलं. मग ती स्टुलावर टेकली.

"आमच्या भांडणात तुझे हाल झाले गं," ती म्हणाली. "दर शनिवारी कोमेजून यायचीस. भेटी बंद करा म्हणून मी वकिलाच्या मागे लागले होते. त्या ताई म्हणाल्या, पोरगी छान रमते. मी त्यांना तोंडावर खोटं पाडलं."

ज्याला उत्तर द्यायचं तो तर गेला होता. आता आईपुढेही ते उत्तर गिळलं तर ताई खोट्या ठरणार होत्या, आणि तो खिडकीतला माणूस कायमचा नकोसा.

लेक आईसमोर जमिनीवर बसली.

"ताई खरं बोलत होत्या, आई. मी शुक्रवारपासून वाट बघायचे. जिना हसत उतरायचे आणि तू दिसलीस की तोंड पाडायचे, तुला वाईट वाटू नये म्हणून. मला बाबांकडे जायला फार आवडायचं."